कुत्र्याला आत्मा असतो का, असं मुलं विचारतील तेव्हा

चि. मुली,

जय जिनेंद्र.

या चातुर्मासात बस्तीतल्या (आपल्या जैन मंदिरातल्या) रविवारच्या पाठशाळेत जीवतत्त्व शिकवायचं काम तुझ्याकडे आलं, हे चांगलं झालं. वर्गात आठ ते चौदा वर्षांची मुलं असतील. त्यांतली निम्मी तरी गोठा असलेल्या घरची, आणि सगळी शाळेत विज्ञान शिकणारी. पहिल्याच तासाला तीन प्रश्न येतील. कुत्र्याला आत्मा असतो का? मुंगीला असतो का? आणि आमच्याएवढाच असतो का? पहिल्या दोन प्रश्नांना ‘हो’ म्हणून मोकळं होता येतं. तिसऱ्याला ‘हो, तेवढाच’ म्हणावं लागतं, आणि तिथून शिकवण्याची खरी कसोटी लागते. म्हणून हे पत्र थोडं लांबणार आहे.

सुरुवात दहा प्राणांपासून, म्हणजे जीव ज्यांच्या आधारे जगतो त्या दहा शक्तींपासून, करू नकोस. बहुतेक ठिकाणी तशीच होते, कारण यादी पाठ करून घ्यायला सोपी असते. पण मुलांच्या डोक्यात मग हिशेब बसतो: माणसाला दहा प्राण, अळीला सहा, म्हणजे अळीचा आत्मा सहा आण्यांचा. हा गैरसमज एकदा रुजला की पुढची चार वर्षं निघत नाही. आधी चेतना शिकव. तत्त्वार्थसूत्र या आपल्या मूळ ग्रंथाच्या दुसऱ्या अध्यायात जीवाचं लक्षण दोन शब्दांत दिलंय, ‘उपयोगो लक्षणम्’. जाणणं आणि पाहणं हे जीवाचं लक्षण. हात, पाय, शेपूट, भाषा यांतलं काहीही लक्षण नाही. अगदी खालच्या पायरीवरच्या निगोदी (अतिसूक्ष्म, एकाच इंद्रियाच्या) जीवाचंही ज्ञान पूर्ण झाकलं जात नाही, कणभर का होईना उघडं राहतंच, कारण तेही झाकलं गेलं तर तो जीव अजीवच होईल. हे मुलांना पटतं. दगडाला टोचलं तर दगडाला काही होत नाही, गोगलगायीला काडी लावली तर ती अंग आत घेते. गोगलगायीला ‘काहीतरी होतं’, एवढं मुलांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं की पहिला तास संपव. काडी मात्र लावू देऊ नकोस, पावसाळ्यात गोगलगायी भिंतीवर आपण होऊन शिंगं आत-बाहेर करताना दिसतात, ते दाखव.

दुसऱ्या तासाला प्राण घे. द्रव्यसंग्रह या ग्रंथाची तिसरी गाथा म्हणायला लाव, पण पूर्ण. पहिल्या ओळीत इंद्रिय, बळ, आयु आणि श्वासोच्छ्वास हे चार प्राण येतात, आणि दुसरी ओळ म्हणते, ‘ववहारा सो जीवो णिच्छयणयदो दु चेदणा जस्स’. व्यवहाराने, म्हणजे वरवरच्या दृष्टीने, ज्याला हे प्राण आहेत तो जीव, निश्चयाने, म्हणजे मूळ स्वरूपाने, ज्याला चेतना आहे तो जीव. पुष्कळ वर्गांत पहिल्या ओळीवरच भर राहतो. दुसरी ओळ सुटली की सगळा अर्थ लंगडा होतो.

मोजणी अशी. मूळ चार प्राणांचे दहा होतात: इंद्रियं पाच, बळं तीन (मन, वचन, काय), आयु आणि श्वासोच्छ्वास. एकेंद्रियाला चार: स्पर्शन, कायबळ, आयु, श्वासोच्छ्वास. द्वींद्रियाला जीभ आणि वचनबळ वाढून सहा. त्रींद्रियाला नाक वाढून सात, चतुरिंद्रियाला डोळे वाढून आठ, मन नसलेल्या पंचेंद्रियाला कान वाढून नऊ, आणि मन असलेल्या पंचेंद्रियाला दहा. चारांवरून एकदम सहावर उडी का, हे नक्की विचार. मुलं तिथेच चुकतात. जीभ आली की चवीबरोबर वचनबळही येतं, म्हणून एकाच पायरीवर दोन प्राण वाढतात. ही संख्या पर्याप्त, म्हणजे देहाची घडण पूर्ण झालेल्या जीवांची. अपर्याप्त अवस्थेत वचन, मन आणि श्वासोच्छ्वास धरत नाहीत, पण बारा वर्षांखालच्या मुलांना त्यात ओढू नकोस.

हे फळ्यावर लिहून देण्यापेक्षा चिंचोक्यांनी करून घे. चार-चार मुलांचे गट कर, प्रत्येक गटाला दहा चिंचोके दे. प्रत्येक चिंचोक्यावर खडूने एका प्राणाचं आद्याक्षर लिहून घे. मग तू नाव घ्यायचं आणि त्यांनी चिंचोके मांडायचे: आळू, शंख, मुंगी, भुंगा, बैल, आपली आई. बैलापाशी थांब. सगळ्या गटांपुढे दहा चिंचोके असतील. आईचं नाव घेतलंस तरी दहाच. एकही चिंचोका उचलायचा नाही, एकही वाढवायचा नाही. कुत्रं, बैल, शेळी, हत्ती आणि माणूस यांची प्राणसंख्या एकच आहे, हे सांगून लक्षात राहत नाही इतकं मांडून राहतं.

मग कुणीतरी विचारेलच, कुत्र्याला मन आहे हे कशावरून? गोम्मटसार या ग्रंथात याची कसोटी दिली आहे आणि ती अगदी घरात करून बघता येण्यासारखी आहे. शिकवलेलं शिकतो, सांगितलेली क्रिया करतो, उपदेश ग्रहण करतो आणि हाक ओळखतो, तो संज्ञी, म्हणजे मन असलेला. नावाने हाक मारली की वळून बघणारं कुत्रं, ‘हो’ म्हटल्यावर थांबणारा आणि ‘चल’ म्हटल्यावर निघणारा बैल मुलांनी रोज पाहिलेला असतो.

आता ‘तेवढाच’ या शब्दाकडे. हत्तीच्या देहात राहणारा जीव मुंगीच्या देहात मावतो कसा? तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात दिव्याचा दृष्टान्त आहे, तोच वापर, नवा शोधू नकोस. दिवा खोलीत ठेवला तर खोलीभर उजेड, घागरीत ठेवला तर घागरीपुरता. जीवाचे प्रदेश, म्हणजे त्याचे सूक्ष्मातले सूक्ष्म अंश, असंख्यात असतात आणि सगळ्या जीवांचे सारखेच असतात. ते देहाप्रमाणे आकसतात आणि पसरतात, कमी होत नाहीत. वर्ग बस्तीतच भरतो, तेव्हा एक निरांजन आणि एक घागर घेऊन प्रत्यक्ष दाखवता येईल. घागरीच्या तोंडातून हात आत घालून निरांजन ठेवणं मुलांकडून करून घेऊ नकोस. तूच ठेव.

मग माणसात विशेष काय, हे मोठी मुलं विचारतील. विशेष एवढंच की मोक्ष मनुष्यजन्मातूनच होतो. संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचाला (पशुपक्ष्याला) सम्यक्त्व, म्हणजे खरी श्रद्धा, होऊ शकतं आणि तो आत्म्याच्या प्रगतीच्या पायऱ्यांपैकी, गुणस्थानांपैकी, पाचवीपर्यंत पोचू शकतो. म्हणजे अणुव्रतं (गृहस्थाची छोटी व्रतं) पाळणारा श्रावक आणि व्रत घेतलेला पशू एकाच पायरीवर उभे असतात. हे वाक्य वर्गात सावकाश म्हण. भगवान महावीरांच्या जीवाला सिंहाच्या भवात उपदेश मिळाला, भगवान पार्श्वनाथांच्या जीवाने हत्तीच्या भवात व्रतं पाळली, समवसरणाच्या, म्हणजे तीर्थंकरांच्या उपदेशमंडपाच्या, बारा सभांमध्ये एक सभा तिर्यंचांची असते, आणि राजगृहात तोंडात एक फूल धरून निघालेल्या बेडकाचा उल्लेख रत्नकरंड श्रावकाचारात पूजेच्या महिम्यासाठी आला आहे. गोष्टी सांगायच्या तर या सांग. प्राणी त्यांत उपकार घेणारा नसून स्वतः काहीतरी करणारा आहे.

यानंतर जिथे हमखास गडबड होते ते सांगतो. ती विज्ञानाशी जोड लावताना होते.

तत्त्वार्थसूत्रात क्रम आहे तो असा: कृमी, मुंगी, भुंगा, माणूस, एकेक इंद्रिय वाढत जाणारं. त्यात मुंगी तीन इंद्रियांची, म्हणजे डोळे नसलेली. सातवीतला एखादा मुलगा हात वर करेल आणि सांगेल की मुंगीला संयुक्त डोळे असतात, पुस्तकात चित्र आहे. तो बरोबर आहे. बहुतेक मुंग्यांना डोळे असतात. डास चार इंद्रियांचा धरतात, पण नर डासाला मिशांच्या बुडाशी असलेल्या इंद्रियाने मादीच्या पंखांचा आवाज कळतो. गांडुळाला डोळे नाहीत, तरी त्याच्या कातडीला उजेड कळतो आणि ते अंधाराकडे सरकतं. अशा वेळी ‘ते खरे डोळेच नव्हेत’ असली पळवाट काढू नकोस. मुलाला खोटं पाडून धर्म वाढत नाही. त्याला सरळ सांग: ही वर्गवारी नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण करणाऱ्यांनी केली आहे, पाऊल कुठे ठेवायचं आणि हात कुठे आवरायचा हे ठरवायला. प्राणिशास्त्राची वर्गवारी वेगळ्या कामासाठी आहे. दोन्ही शिक, दोन्ही वेगळ्या ओळखून ठेव. आणि एक गोष्ट त्याच्याकडूनच काढून घे. मुंगीला डोळे आहेत असं ठरलं तर तिचे प्राण सातावरून आठ होतात. म्हणजे तिला सांभाळण्याचं कारण वाढलं की कमी झालं? यादी दुरुस्त झाल्याने आत्म्याचा मुद्दा हलत नाही, कारण लक्षण चेतना आहे, इंद्रियांची संख्या नाही. पहिला तास चेतनेला द्यायला सांगितला तो याचसाठी.

काही पाठशाळांच्या भिंतीवर एक तक्ता असतो: पाण्याच्या एका थेंबात ३६,४५० जीव, आणि शेजारी सूक्ष्मदर्शक घेतलेल्या एका कॅप्टनचं नाव. तुमच्याकडे असेल तर त्यावर धडा बेतू नकोस. थेंबातल्या जीवांची संख्या पाणी कुठलं आहे यावर ठरते. डबक्याच्या थेंबात पुष्कळ दिसतील, क्लोरीन घातलेल्या नळाच्या थेंबात शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कदाचित एकही दिसणार नाही. मुलाने तो थेंब पाहिला की तो म्हणेल, पाठशाळेत खोटं शिकवतात. दुसरं, या तक्त्याने शास्त्राचीच गल्लत होते. पाण्यात हिंडणारे जीव त्रस, म्हणजे हालचाल करणारे, आहेत. पाणी हेच ज्यांचं शरीर आहे ते जलकायिक जीव निराळे, ते एकेंद्रिय स्थावर, सूक्ष्मदर्शकात दिसण्याचा प्रश्नच नाही. पाणी गाळल्याने त्रस जीव वाचतात, जलकायिक गाळले जात नाहीत. हा फरक मुलांना नीट कळला तर गाळण्याचा नियमही कळतो आणि पाणी जपून वापरण्याचा नियमही.

तशाच आणखी दोन काठ्या आहेत, टेकायला घेऊ नयेत अशा. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पती उत्तेजनाला विद्युत प्रतिसाद देतात हे यंत्रांनी मोजून दाखवलं. ते फार मोठं काम आहे, पण त्यांनी ‘झाडाला आत्मा आहे हे सिद्ध केलं’ असं म्हणू नकोस. आत्मा त्यांच्या यंत्रावर उमटला नव्हता. दुसरी काठी एकवीस ग्रॅमची, मोबाईलवर फिरणारी. अमेरिकेत डंकन मॅकडूगल या डॉक्टरने मरणासन्न माणसांना तराजूवर ठेवून केलेल्या आणि १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातली ती आहे. माणसं सहा. एकवीस ग्रॅमचा आकडा त्यातल्या एकाचा, बाकीच्यांची मोजमापं एकमेकांशी जुळली नाहीत किंवा सोडून द्यावी लागली. मग त्याने पंधरा कुत्र्यांवर तोच प्रयोग केला, वजन घटलं नाही, आणि कुत्र्याला आत्मा नसतो असा अर्थ काढला. एका डॉक्टरने तेव्हाच आक्षेप घेतला होता की श्वास थांबल्यावर माणसाचं अंग तापतं आणि घामावाटे वजन जातं, कुत्र्याला तसा घाम येत नाही. जी मुलं हा आकडा आत्म्याचा पुरावा म्हणून तुझ्यापुढे ठेवतील त्यांना सांग, याच आकड्याने कुत्र्याला नाकारलं होतं. शिवाय आपल्याकडे जीव अमूर्त आहे. त्याला वजनच नाही, तर घटणार काय?

पाण्याचा धडा मात्र हाताने कर, तोंडी नको. सुती जाड कापड घे, इतकं घट्ट विणीचं की उन्हात धरलं तर सूर्याचं बिंब आरपार दिसू नये. माप परंपरेने छत्तीस अंगुळं लांब आणि चोवीस अंगुळं रुंद, म्हणजे साधारण अडुसष्ट सेंटिमीटर बाय पंचेचाळीस, आणि ते दुहेरी करायचं. कोरं कापड आणलंस तर आधी दोनदा धुऊन खळ काढ, नाहीतर पाणी खाली उतरतच नाही आणि मुलं कापड बोटाने ढोसतात. कापडाला मधे खोलगट झोळ द्यायचा आणि धार बारीक ठेवायची. कडा भांड्याच्या बाहेर नीट लोंबू देत. कडा आत पडली की न गाळलेलं पाणी तिच्यावरून खाली झिरपतं.

गाळून झाल्यावर मुलं कापड पिळायला धावतील. तिथे त्यांचा हात धर. पिळलं की ज्यांच्यासाठी गाळलं तेच मेले. कापड अलगद उलटं करायचं आणि गाळलेलंच पाणी वरून ओतून राहिलेलं दुसऱ्या भांड्यात उतरवायचं. ही जिवाणी. ती ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत गेली पाहिजे, दुसऱ्या पाण्यात नाही, आणि वरून फेकायची नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असते. ती पाण्यापर्यंत सोडून तिथे उलटी करायची. विहिरीच्या कठड्याशी फक्त तू जा, मुलं लांब उभी राहू देत. गाळलेल्या पाण्याची मुदत एक मुहूर्त, म्हणजे दोन घटका, अठ्ठेचाळीस मिनिटं. मग पुन्हा गाळायचं. लवंग वगैरे घालून चव-रंग बदललेल्या पाण्याची मुदत दोन प्रहर, म्हणजे सहा तास, आणि नीट उकळलेल्याची आठ प्रहर, म्हणजे चोवीस तास. घरी नळ असेल तर जिवाणी कुठे सोडायची, हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला विहिरीइतकं स्वच्छ उत्तर नाही. नळाच्या पाण्याची जिवाणी कोरड्या मोरीत किंवा साबणाच्या पाण्यात न टाकता वाहत्या किंवा साठलेल्या साध्या पाण्यात सोडायची, इतकंच सांग.

जिवाणी विहिरीत सोडण्याआधी थोडी काचेच्या पेल्यात घेऊन खिडकीशी धर. जुन्या विहिरीचं पाणी असेल तर झटक्याझटक्याने सरकणारे पांढुरके ठिपके दिसतात. ते सायक्लॉप्स, अर्धा ते दोन मिलिमीटरचे. नारूचा रोग या सायक्लॉप्सवाटे पिण्याच्या पाण्यातून माणसात जात असे, आणि तो देशातून घालवताना कापडाने पाणी गाळणं हा एक मुख्य उपाय होता. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. मुलांना हे जरूर सांग, पण ‘म्हणून आपण गाळतो’ असं सांगू नकोस. आपण गाळतो ते त्या ठिपक्याला वाचवायला. आपण वाचतो हा वरचा लाभ. कारण उलटं केलंस तर फिल्टर घरात आल्यावर जिवाणी परत सोडायचं कारणच उरत नाही, आणि पुष्कळ घरांत ते तसंच झालंय.

बेंदराच्या, बैलांच्या सणाच्या, आसपास एक तास गोठ्याला दे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार (व्रताला लागणारे दोष) तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. बांधून घालणं, मारणं, नाक-कान वगैरे अवयव कापणं, झेपणार नाही इतकं ओझं लादणं, चारापाणी अडवणं. पाचही बैलाला जसेच्या तसे लागू पडतात. दावं इतकं आखूड आहे का की बैलाला बसता येत नाही? पराणीला खिळा आहे का? उसाच्या गाडीला चढावर बैल गुडघे टेकतो का? कामावरून आल्यावर पाणी दिलं की आधी वैरणीची वाट पाहायला लावली? कायद्यातही याचा काही भाग आहे. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त काम नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही.

इथे जपून बोलावं लागेल. वर्गातल्या मुलाचा बाप ऊस वाहत असेल. ‘तुझे वडील पाप करतात’ असा अर्थ निघाला तर मूल पुढच्या रविवारी येणार नाही. प्रश्न विचारायला शिकव, आरोप करायला नको. वेसणीचा प्रश्न तर येणारच, कारण वेसण नसलेला बैल त्यांनी पाहिलेला नसतो. खरं ते सांग: टोचताना दुखतं. मग जे आज करता येईल ते सांग. काथ्याची खरखरीत वेसण नाकाचा पडदा चिरते, मऊ सुताची चिरत नाही. हिसका देऊ नये. जखम ओली राहिली तर माशा बसतात आणि अळ्या पडतात.

आणि मग एखादी हुशार मुलगी विचारेल, अळ्याही जीवच ना? त्या मारून बैल वाचवायचा? हा प्रश्न टाळू नकोस, सगळ्या चातुर्मासातला सगळ्यात मोलाचा तो आहे. गृहस्थाने संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा सोडलेली असते. आरंभी (घरकामातली), उद्योगी (पोटाच्या धंद्यातली), विरोधी (बचावातली) हिंसा त्याच्याकडून घडते, ती कमीत कमी करायची असते. हिंसेची व्याख्याच ‘प्रमत्तयोगात् प्राणव्यपरोपणम्’ अशी आहे, म्हणजे बेपर्वाईने, कषायाने (क्रोध-लोभासारख्या विकाराने) प्राण घेणं. जखम चिघळेपर्यंत दुर्लक्ष केलं ती बेपर्वाई पहिली, आणि तिच्यामुळे बैल आणि अळ्या दोघेही संकटात आले. डॉक्टरला बोलावून अळ्या चिमट्याने बाहेर काढता येतात. काही मरतील. ते चांगलं झालं असं म्हणायचं नाही, आणि बैलाला तसाच सोडायचाही नाही. आत्मा दोघांचा सारखा, तरी ज्याला प्राण जास्त त्याला वेदनेची साधनं जास्त, म्हणून घात अधिक, हे इथे समजतं.

पावसाळ्यात खोऱ्याने गांडूळ तुटतं, दोन्ही तुकडे हलतात, आणि आत्म्याचे दोन तुकडे झाले का असं मुलं विचारतात. जीव अखंड आहे, तुटत नाही. श्वेतांबरांच्या भगवतीसूत्रात नेमका असा प्रश्न आला आहे की प्राण्याचे तुकडे झाले तर मधल्या जागेत जीवप्रदेश असतात का, आणि उत्तर ‘असतात’ असं आहे. पालीची तुटलेली शेपूट वळवळते तेव्हा हेच उत्तर दिलं जातं. शाळेचं उत्तर वेगळं आहे: शेपटीतल्या मज्जातंतूंचं जाळं काही काळ आपलं आपण काम करतं. गांडुळाची दोन गांडुळं होतात हे मात्र सहसा खरं नाही. डोक्याकडचा भाग कधी जगतो, मागचा मरतो. दोन्ही उत्तरं दे, कुठलं कुठून आलं ते सांगून.

वर्गात कुणाचं कुत्रं नुकतंच मेलेलं असेल. त्या मुलाला यादी, गुणस्थान, काही नको. त्याला एकच गोष्ट कामाची आहे: आपल्या मते जीव देह सोडल्यावर भटकत नाही. विग्रहगती, म्हणजे एका देहातून दुसऱ्याकडे जाणं, फार तर तीन वळणांची, उशिरात उशिरा चौथ्या समयाला तो नव्या जन्मस्थानी पोचलेला असतो, आणि समय हा काळाचा अंश डोळ्याची पापणी लवण्यापेक्षा कितीतरी सूक्ष्म. ‘तो अंधारात एकटा फिरत नाहीये’ हे त्याला सांग. कुठे जन्मला ते सांगू नकोस, ते तुला ठाऊक नाही. ‘तू प्रेम केलंस म्हणून तो आता माणूस होईल’ असं तर मुळीच नको. ‘आयुष्यकर्म संपलं, रडायचं नाही’ असं म्हणणारे मोठे लोक शेजारी असतील, त्यांना थांबव. रडू दे त्याला. पुराणातल्या जीवंधरकुमाराने मरणाऱ्या कुत्र्याच्या कानात णमोकार मंत्र म्हटला ती कथा त्याला हवी असेल तर सांग, पुढच्या रविवारी.

धाक घालू नकोस. ‘मुंगी मारलीस तर मुंगी होशील’ हे वाक्य घराघरात चालतं आणि त्याला सूत्राचा आधार नाही. तिर्यंच आयूचं, म्हणजे पशूचा जन्म मिळण्याचं, कारण तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दिलंय ते माया, म्हणजे कपट. मुंगीच्या बदल्यात मुंगी असा सौदा तिथे नाही. धाकाने आणखी एक नुकसान होतं. प्राण्याचा जन्म ही शिक्षा आहे असं ठसलं की मूल प्राण्याकडे कैद्याकडे बघावं तसं बघायला लागतं.

शाळेत इतर घरची मुलं आहेत, तेव्हा ‘आमच्यातच प्राण्यांना आत्मा मानतात’ असं कुणी बोललं तर दुरुस्त कर. गीता गाय, हत्ती आणि कुत्र्याकडे समदृष्टीने बघायला सांगते. बौद्ध नित्य आत्मा मानत नाहीत, तरी करुणेत सगळे प्राणी धरतात. कुराणात पशुपक्ष्यांना तुमच्यासारखेच समूह म्हटलं आहे. ख्रिस्ती परंपरेत थॉमस अक्वायनसने प्राण्यांना संवेदनशील आत्मा मानला, फक्त तो देहाबरोबर संपतो असं म्हटलं. प्राणी यंत्रासारखे आहेत असं देकार्तने १६३७ साली लिहिलं, आणि त्याला युरोपातच विरोध झाला. याहून जास्त वेळ यावर घालवू नकोस.

चातुर्मासाच्या शेवटी परीक्षा घ्यावी लागेल. व्याख्या पाठ आहे का ते दोन-चार गुणांत तपास आणि बाकीचे गुण कामाला ठेव. प्रत्येकाने एक तांब्या पाणी गाळून जिवाणी नीट उतरवून दाखवायची: कापड पिळलं तर गुण नाहीत, कडा आत पडली तर अर्धे. आणि एक लेखी प्रश्न: घरातल्या किंवा गल्लीतल्या एका प्राण्याला आठवडाभर पाहून, पाच अतिचारांपैकी कुठला घडताना दिसला आणि तो थांबवायला काय केलं, ते दहा ओळींत लिहा. लहान गटाला लेखी नको, चिंचोके मांडून तोंडी घे. कापडं आतापासूनच शिवायला टाक, दिवाळीच्या गर्दीत शिंपी देत नाहीत.

कळावे.